कापडाआडचे बुवा

३ जानेवारी १९७३, भिंगार

विमा एजंटाने दिलेली डायरी. दरवर्षी देतो आणि दरवर्षी मी तीत दूधवाल्याचे खाडे मांडतो. यंदा दूधवालाच येत नाही, त्याच्या म्हशी गुरांच्या छावणीत गेल्या. पानं कोरी घालवण्यापेक्षा पुतळ्याचं रडगाणं लिहावं म्हटलं. घरात ते ऐकायला कोणी राहिलेलं नाही. हिने परवा सांगूनच टाकलं, जेवताना पुतळ्याचं नाव काढायचं नाही. आधीच रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही.

तर पुतळा आमच्या गुरूंचा, त्र्यंबकबुवा नेवासकरांचा. बुवांनी बांधलेल्या बंदिशी पुण्या-मुंबईचे गवई गातात, नाव मात्र कोणी घेत नाही. म्हणून समिती झाली. अध्यक्ष कापडबाजारातले छगनशेठ, चिटणीस मी. म्हणजे हार त्यांना आणि हेलपाटे मला. शाळेत पोरांकडून 'सारेगम' घोकून घ्यायचं, मग सायकल हाणत नगरात जायचं, मग परत. गुडघे आता सायकलच्या आधी कुरकुरतात.

पुतळा नोव्हेंबरातच आलाय. नगरपालिकेच्या बागेत चौथऱ्यावर बसवला. मांडी घालून बसलेले बुवा, गाताना. पण पाहिला कोणीच नाही. ट्रकमधून उतरला तो गोणपाटात, आणि गोणपाट सुटायच्या आत छगनशेठनी वरून दुकानातलं कापड टाकलं. मग आम्ही कापडाखाली हात घालून गोणपाट ओढून काढलं. "मंत्रीसाहेबांच्या आधी कुणाची नजर पडता कामा नये, मास्तर. अपशकुन होतो." मंत्रीसाहेब डिसेंबरात यायचे होते. दुष्काळ पडला, तारीख गेली.

कापड भगवं आहे. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेसाठी मागवलेला तागा दुकानात पडून होता, तो असा खपला.

७ जानेवारी

आक्कांकडे जाऊन आलो. आक्का म्हणजे बुवांच्या पत्नी, आक्काबाई. माळीवाड्यात एका खोलीत एकट्या राहतात. मी पोरगा असताना बुवांच्या घरी शिकायला राहिलो, तेव्हा ह्यांच्याच हातचं खाऊन वाढलो.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली कडेकडेने मिटत जाईल. आक्का म्हणतात, "पुंगळीतून बघितल्यावाणी दिसतं. तू दारात उभा राहिलास तर नुसतं नाक दिसतं तुझं." आणि हसतात. मला नाही हसू आलं.

"सूर्यभान, पुतळ्यात ते गातायत ना?"

"हो."

"तोंड उघडं आहे का? का मिटलेलं?"

"कापड आहे वर आक्का. समारंभात बघायचंच की. पहिल्या रांगेत खुर्ची तुमची. शाल, नारळ, सगळं."

"शाल काय करायचीय मला? नजर आहे तोवर दाखव."

मग म्हणाल्या, बैठकीच्या खोलीत बायांनी पाऊल टाकायचं नाही, ही त्यांच्या सासऱ्यापासूनची रीत. उभा जन्म त्यांनी बुवांना चुलीपुढून ऐकलं. "भाकरी करपली की समजायचं, आज मालकंस चांगला लागलाय." जेवताना पाहिले, रागावताना पाहिले, आजारात पाहिले, तिरडीवरही पाहिले. गाताना तेवढे पाहिले नाहीत. "तू नशिबाचा. तू रोज बघितलेस."

मी "हो" म्हटलं. काय म्हणणार? खरं म्हणजे मी तंबोरा घेऊन त्यांच्या मागे बसायचो. बुवांची मान मला पाठ आहे, सदऱ्याची शिवण पाठ आहे, तान घेताना उजवा खांदा कसा उचलायचे ते मी आजही करून दाखवीन. समोर लोक बसायचे. शिल्पकारही तरुणपणी एकदा समोर बसला होता, त्या आठवणीवर आणि एका फोटोवर त्याने चेहरा केला. त्याने मला विचारलं होतं, गाताना कसे दिसायचे? मी उलट त्यालाच म्हटलं, तुम्हाला ठाऊक.

म्हाताऱ्या माणसाला मानाची हौस असते. पहिल्या रांगेची खुर्ची पक्की करायला हवी.

२९ जानेवारी

सव्वीस तारखेचं ठरलं होतं. पताका लावल्या, सतरंज्या आणल्या. मंत्रीसाहेब पारनेरकडे दुष्काळी कामं बघायला वळले ते तिकडूनच गेले. रिकाम्या सतरंज्यांवर शेळ्या बसल्या. आक्का नवं लुगडं नेसून सकाळपासून खुर्चीत होत्या. दुपारी त्यांना टांग्यात बसवून दिलं. टांग्यात म्हणाल्या, "जरा कोपरा उचलला असतास तर?"

अध्यक्ष शेजारी उभे होते. मी ऐकलं नाही असं केलं.

१४ फेब्रुवारी

बागेत आता बाग राहिलेली नाही. नळाला दिवसाआड पाणी, ते माणसांना पुरत नाही तर हिरवळीला कोण घालतो? कारंज्याच्या हौदात पोरं गोट्या खेळतात. भिंतीला लागून पाथर्डी-शेवगावकडच्या लोकांनी पालं टाकलीत. एरवी ही माणसं ऊस तोडायला जातात, यंदा ऊसच नाही. जवळच्या रस्त्यावर खडी फोडतात.

आज बघतो तर पुतळ्यापुढे नारळ फोडलेला. कापडावर गुडघ्यापाशी कुंकू.

माळ्याला झापलं. तो म्हणाला, "म्या काय करू? त्या बाया म्हनत्यात कानिफनाथ हायेत."

१६ फेब्रुवारी

छगनशेठच्या दुकानात गेलो. दोन गोष्टी होत्या. पहिली कुंकवाची. ती ऐकून ते हसले. "अहो, फुकटचा पहारा आहे तो. देव म्हटल्यावर कापडाला कोण हात लावतंय?" दुसरी आक्कांची. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत नजर टिकेल असं धरू नका. एक दिवस सकाळी कापड जरा वर करून दाखवू, कोणाला कळणार नाही.

शेठ माप टाकत होते. गज हातातच ठेवून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, उद्या पेपरात आलं की अनावरण आधीच झालं, तर मंत्रीसाहेब येतील का? आणि आले नाहीत तर पुतळा कायमचा असाच. मग दाखवा कुणाला दाखवायचा ते."

म्हटलं, बरोबर आहे. दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर वाटलं, बरोबर कुठे आहे? पण परत वर चढायचं त्राण नव्हतं. सायकल पंक्चर होती, ती ढकलत भिंगारपर्यंत आलो.

२ मार्च

शाळेत परीक्षा. पोरं उपाशी येतात, सूर कसला लावतात. मधल्या सुट्टीत खायला सुकडी मिळते म्हणून तरी येतात.

आक्कांकडे जाणं टाळलं.

९ मार्च

आज जावंच लागलं. आक्कांनी चहा केला. कप माझ्या हातात न देता हवेत धरला. मी तो हलकेच घेतला, त्यांना कळू दिलं नाही. बहुतेक कळलं.

काही बोलायचं म्हणून बागेतली तक्रार सांगितली. म्हटलं, आपल्या बुवांचा कानिफनाथ करून टाकलाय बायांनी. एक रंगुबाई आहे, ती त्यांची पुढारी. दुपारी खडीवरची सुट्टी झाली की सगळ्या तिथेच सावलीला बसतात, गाणी म्हणतात.

"कशी गातात?" आक्कांनी विचारलं.

"कशी म्हणजे? रानटी. सुराचा पत्ता नाही."

"आणि ती रंगुबाई दुपारी असते म्हणतोस?"

"असते. कापडाला कोणाला शिवू देत नाही. मला, चिटणिसाला, हटकते."

आक्कांनी माझा रिकामा कप चाचपून उचलला. मग तारखेचं काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, बघतो, पुढच्या महिन्यात नक्की. मला स्वतःच्याच तोंडाचा वीट आलाय.

२२ मार्च

मढीची यात्रा सुरू आहे. आज बागेत मलिद्याचा नैवेद्य आणि रेवड्या. माझं डोकंच फिरलं. शाळेतून उन्हातून आलेलो, पोटात काही नाही, आणि बुवांच्या पुढ्यात बायका लोटांगण घालतायत. मी सरळ रंगुबाईला गाठलं. चाळिशीची असेल, काळीसावळी, हातांना खडीने भेगा पडलेल्या.

"अगं बाई, हा देव नाही. माणूस आहे."

"मान्साला कुनी आसं झाकून ठिवतं व्हय?"

"उद्घाटन व्हायचंय अजून."

"भगवं नेसलंय, मांडी घालून बसलंय. नाथबाबा समाधीत बसल्यात, उघडं करायचं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "औंदा मढीला जायाला एष्टीचं भाडं कुठलं, मास्तर? हितं बाबा आपल्या पायानं आल्यात, त्येस्नी उपाशी ठिवू?"

मी म्हटलं, हे गाणारे होते, गाणी बांधणारे. यांची बायको माळीवाड्यात जिवंत आहे. नवऱ्याला गाताना बघायचंय म्हणते आणि तिचे डोळे चाललेत. तिलाही आम्ही दाखवू शकत नाही, तर तू कोण टिकोजी लागून गेलीस?

रंगुबाई माझ्याकडे बघत राहिली. "तिचा त्यो नवरा, आन् तिला दावत न्हाई?"

"नाही."

"का?"

मंत्र्याचं सांगितलं. अपशकुनाचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते पोकळ वाटलं, त्यामुळे आवाज जास्तच चढला. ती म्हणाली, "लई शिकल्यालं हाय तुमी," आणि माझ्या हातावर मलिदा ठेवला. भूक होती. खाल्ला.

२७ मार्च

शाळा अर्धी. दुपारी आक्कांकडे गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, टांगा करून गेल्या. मी घाबरलो. ह्या उन्हात, ह्या डोळ्यांनी? पायरीवर बसून राहिलो. तास-दीड तासाने टांगा आला. आक्का उतरल्या, टांगेवाल्याचा हात धरून. पदराला कुंकू लागलेलं, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मी लहानपणी बुवांच्या घरी सणाच्या जेवणाला पाहिला होता, सगळी पंगत पोटभर जेवून उठल्यावर.

"कुठे गेला होतात?"

"देवाला."

"कोणत्या देवाला?"

"कानिफनाथाला."

मढी इथून किती लांब. टांग्याने जाऊन दुपारपर्यंत परत कसं येता येईल? डोळ्यांबरोबर डोकंही चाललंय की काय अशी मला धास्ती वाटली. जवळच कुठल्यातरी नाथाच्या देवळात गेल्या असतील. मी वाद घातला नाही.

आत जाऊन त्यांनी चूल पेटवली, बिनदुधाचा चहा केला आणि करताना गुणगुणत होत्या. बुवांची हंसध्वनीतली चीज. मी आजवर आक्कांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. अंतऱ्याला आवाज चिरकला, तरी थांबल्या नाहीत. सूर पक्का होता. कुठून आला कोण जाणे.

निघताना मी आपणहून म्हटलं, एप्रिलात तारीख मिळायची शक्यता आहे. म्हणाल्या, "मिळेल तेव्हा मिळेल. तू नको जिवाला लावून घेऊस."

बरं झालं. नाद सोडला त्यांनी. माझ्या छातीवरचं ओझं जरा उतरलं.

२८ मार्च

माळी तक्रार करतोय की कापडाची दोरी कोणीतरी सोडून परत बांधलीय, गाठ वेगळी आहे. बघितलं. खरंच वेगळी, बाया सरपणाच्या भाऱ्याला मारतात तसली, बोटांनी सुटेना. शेळीने ओढली असेल आणि कोणी बांधली असेल. मी कशाकशाला पुरा पडू?

रंगुबाई खडीवरून आली होती. म्हणाली, "मास्तर, तुमी म्हनला त्ये खरं हाय. मानूसच हाय त्यो."

"पटलं ना?"

"व्हय. पर चांगला मानूस हाय."

समजावून सांगितलं की अडाणी माणसालाही पटतं. नारळ मात्र अजून फोडतात. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "सवय झाली."

११ एप्रिल

आक्कांना आता दिसत नाही. दिवसाउजेडी खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, व्हायचं ते झालं.

आणि आजच छगनशेठचा निरोप आला. एकोणीस तारीख पक्की. मंत्रीसाहेब खडीकामाच्या पाहणीला येतायत, त्यातली दहा मिनिटं आपली.

मी शाळेच्या संगीताच्या खोलीत जाऊन बसलो. पेटीवर हात ठेवला, भाता उघडला नाही. कोपरा उचलायचा होता नुसता. एका हाताचं काम होतं. माझ्या शाळेतल्या सगळ्यात भित्र्या पोरानेसुद्धा केलं असतं. मी केलं नाही, कारण एक कापडवाला नाराज झाला असता.

आक्कांना तारीख सांगितली. म्हणाल्या, "येईन. लुगडं तेवढं इस्त्री करून आण."

१९ एप्रिल

झाला एकदाचा समारंभ. पाठ मोडून आलीय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मंत्रीसाहेब दुपारी आले, धुळीने भरलेले, आमच्याइतकेच दमलेले. त्यांचाही मला राग येईना. दोन वाक्यं बोलले. छगनशेठनी दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. ओढली. कापड हलेना. परत ओढली. ती गाठ. मी विसरूनच गेलो होतो. छगनशेठ धावले, माळी धावला, कोणीतरी कोयता मागवला. पोलीस नको म्हणाले. मंत्रीसाहेब घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात रंगुबाई भिंतीकडून आली, कोणाला काही न विचारता चौथऱ्यावर चढली आणि गाठीत अंगठा घालून एका हिसक्यात सोडली. बायकांना असल्या गाठींची सवय असते. खाली उतरताना आक्कांच्या खुर्चीपाशी थांबली, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि परत भिंतीपाशी जाऊन बसली. गर्दीतून जायला आधार घेतला असेल.

कापड पडलं. टाळ्या झाल्या. मंत्रीसाहेबांनी हार घातला, मोटारीत बसले, गेले.

मी आक्कांच्या खुर्चीमागे उभा होतो. पुढे येऊन त्यांच्या कानाशी वाकलो.

"आक्का, उघडला."

"कळलं. टाळ्या झाल्या की."

"आक्का, माझं चुकलं. तुम्हाला आधीच दाखवायला हवा होता. माझी हिंमत झाली नाही." मग विचारलं, "मी सांगू का, कसे दिसतात ते?"

"सांग."

मी मान वर केली. उन्हात पितळ तापलेलं, चकाकत होतं. बुवांचं नाक होतं, बुवांची पगडी होती. पण ते गाताना असेच दिसायचे का? मला सांगता येईना. इतकी वर्षं त्यांच्या गाण्यात बसलो, आणि हा चेहरा मला परका होता. मागे जाऊन मान बघावी, खांदा बघावा, मग सांगावं, असं क्षणभर वाटलं. पायसुद्धा तिकडे वळले.

आक्कांनी माझं मनगट धरलं.

"उजवी भुवई वर गेलीय," त्या म्हणाल्या. "डावा डोळा अर्धा मिटलाय. ओठ बघ, रागावल्यागत दिसतात, पण राग नाहीये तो. वरचा सा आता लागणार, अजून लागलेला नाही. स्वयंपाकघरात मी ह्याच जागेला हात थांबवायची."

मी बघितलं. उजवी भुवई वर गेली होती. डावा डोळा अर्धा मिटला होता. ओठ तसेच होते.

"आक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"संसार केलाय रे त्यांच्याशी," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून हसल्या. तिकडे त्या बाया बसल्या होत्या. बायकांना काही गोष्टी न बघताही कळतात, असंच म्हणायचं.

मग आक्कांनी मनगट सोडलं. "तू मागं बसायचास, सूर्यभान. मला ठाऊक होतं. 'रोज बघितलेस' म्हटलं तर 'हो' म्हणालास, तेव्हाच बोलणार होते. तू तरी कुठे बघितलेस? आपण दोघंही दाराआडचेच."

माझे पाय अजून चौथऱ्याच्या मागच्या बाजूला वळलेले होते.

"माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू बघून घे आता. तिकडे मागं जाऊ नकोस. इथंच उभा राहा."

छगनशेठनी माईकवरून आभारासाठी माझं नाव पुकारलं. परत पुकारलं. खिशात कागद होता, चार वेळा लिहून काढलेला, सगळ्यांची नावं मानाप्रमाणे लावलेली. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आवाजात राग होता. मी गेलो नाही. मी आक्कांच्या शेजारी उभा राहिलो, बुवांच्या समोर.